एसटी फुकट, स्टॉप लांब

ऑगस्ट २०२२ पासून महाराष्ट्रात पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला एसटीला पैसे पडत नाहीत. ६५ ते ७५ या वयात अर्धं तिकीट. योजना चांगली आहे, तिची टिंगल करायला मी बसलेलो नाही. देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत या सवलतीला पात्र असलेली माणसं भरपूर आहेत. अडचण एवढीच की माणसं खाली वाडीत आणि एसटी वर सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, रस्त्याला. मधे चिऱ्याच्या पायऱ्यांची घाटी. पावसात तिला शेवाळ धरतं, उन्हाळ्यात सुटलेले चिरे पायाखाली डुगडुगतात, आणि हाताला धरायला काही नाही. माझी काकी ८१ वर्षांची आहे. तिचं आधारकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फडताळात तयार असतं. कंडक्टरला दाखवलं की देवगडपर्यंत फुकट. पण दोन्ही गुडघे गेल्यापासून ती घाटी चढलेली नाही.

म्हाताऱ्या माणसांसाठी आपण जे काही करतो, ते बहुतेक घाटीच्या वर येऊन थांबतं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पार केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण त्यासाठी दवाखान्यात भरती व्हावं लागतं. ऑपरेशन होतं, डिस्चार्ज मिळतो, गाडी सड्यावर येऊन उभी राहते. तिथून पुढे योजना नाही, चार पुरुष आणि एक खुर्ची लागते. चार पुरुष गणपतीत आणि मे महिन्यात मिळतात.

पैशाचंही तेच. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या गरीब माणसाला महिन्याला १५०० रुपये मिळतात, आणि गरीब कोण, तर ज्याच्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत. वर्षाचं, महिन्याचं नव्हे. एवढ्या उत्पन्नात एखादं घर कसं चालत असेल याची कल्पना दाखले देणाऱ्यालाही असते आणि घेणाऱ्यालाही, म्हणून दोघंही गप्प बसून कागद पुढे सरकवतात. शिवाय आपण जिवंत असल्याचा, म्हणजे हयातीचा दाखला वरचेवर द्यावा लागतो. जन्मभर कातळावर आणि शेतात राबलेल्या बोटांचे ठसे मशीन ओळखत नाही. मग अंगठा पुसून पुन्हा, हात धुऊन पुन्हा, शेवटी दुसरं बोट.

आमचा देवगड तालुका सिंधुदुर्ग जिल्ह्यात येतो, आणि हा जिल्हा १९८१ पर्यंत रत्नागिरीचाच भाग होता. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढली, तेव्हा सिंधुदुर्गाची दोन टक्क्यांनी कमी झाली आणि रत्नागिरीची पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. २०११ च्या त्याच जनगणनेत राज्यात हजार पुरुषांमागे ९२९ बायका, सिंधुदुर्गात १,०३६, रत्नागिरीत १,१२२. हे आकडे वाचून बाहेरचा माणूस म्हणतो, वा, मुली जन्माला येऊ देतात कोकणात. तेही असेल. पण मुख्य कारण साधं आहे. पुरुष मुंबईला गेले, बायका राहिल्या, आणि मागे राहिलेल्या त्या बायका आता सत्तर-ऐंशीच्या झाल्या. बाकीचा महाराष्ट्र ज्या वयाला पुढे पोचणार आहे, त्या वयाला आमच्या वाड्या आधीच पोचल्या आहेत. राज्याचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीतच १.७ वर आला होता. आज देशात साठीपुढचे दहांत एक आहेत, २०५० च्या सुमाराला पाचांत एक होतील असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. फ्रान्समध्ये ६५ वर्षांवरच्या लोकांचं प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ वर जायला ११५ वर्षं लागली, जपानला २४. फ्रान्सला विचार करायला तीन-चार पिढ्या मिळाल्या. आपल्याला मिळणार नाहीत.

या विषयावर मराठीत लिहिलं-बोललं जातं तेव्हा गाडी दोन मिनिटांत संस्कारांवर येते. हल्लीची मुलं विचारत नाहीत, एकत्र कुटुंबं मोडली, वृद्धाश्रम वाढले. व्हॉट्सअ‍ॅपवर दर आठवड्याला एक रडवणारी गोष्ट फिरते, तिच्यात मुलगा अमेरिकेत असतो आणि आई खिडकीत. मला या गोष्टींचा खरं सांगायचं तर कंटाळा आलाय. न विचारणारी मुलं असतात, त्यांच्यासाठी २००७ चा कायदा आहे, प्रांतांकडे अर्ज करता येतो, महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो, आणि सांभाळण्याच्या अटीवर मुलाच्या नावे केलेलं घर त्याने शब्द मोडला तर परतही घेता येतं. तो कायदा हवाच. पण आमच्या वाडीतला एकही प्रश्न त्या कायद्याने सुटत नाही. इथली मुलं विचारतात. रोज विचारतात.

काकीच्या मुलाने तर पडवीत कॅमेरा बसवलाय. तो भांडुपला राहतो, दुपारी ऑफिसात डबा खाताना मोबाइलवर पडवी बघतो. काकीला आधी ते विचित्र वाटायचं. आता ती रोज त्या वेळेला सूप घेऊन बरोबर त्या कोपऱ्यात तांदूळ निवडायला बसते. "झील बघता तेवा दिसाक व्हया मगो," म्हणते. गेल्या पावसाळ्यात ती न्हाणीत घसरली. न्हाणीत अर्थातच कॅमेरा नव्हता. मुलाला रिकामी पडवी दिसली, त्याला वाटलं आत निजली असेल. शेजारीण विरजण मागायला आली तोवर काकी ओल्या फरशीवर बसून होती. हाड मोडलं नाही हे नशीब. खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी माणसं पुन्हा पहिल्यासारखी क्वचितच उभी राहतात. मुलाने दुसऱ्या दिवशी न्हाणीच्या दाराकडे तोंड करून आणखी एक कॅमेरा मागवला. त्याला नावं कशी ठेवणार? भांडुपहून त्याला एवढंच करता येत होतं. न्हाणीत भिंतीला एक दांडी लागली पाहिजे, फरशी खरखरीत पाहिजे, आणि दिवसातून एकदा कोणीतरी आत डोकावलं पाहिजे. यातल्या पहिल्या दोन गोष्टी गवंडी करतो. तिसरी कोण करणार, हा खरा प्रश्न.

त्याचं उत्तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं: सून. आजोबांचं गू-मूत आमच्या आजीने आणि तिच्या जावांनी काढलं, आणि आम्ही त्याला एकत्र कुटुंबाचं वैभव म्हणत आलो. त्या बायकांना कोणी विचारलं नव्हतं. आता सून नोकरीला आहे, भांडुपला आहे, किंवा मुलाचं लग्नच ठरत नाही म्हणून नाहीच. कोकणातल्या वाड्यांत हे शेवटचं कारण दिसतं तेवढं किरकोळ राहिलेलं नाही.

शहरात सुनेची जागा ब्युरोच्या, म्हणजे घरी सेवेला माणसं पाठवणाऱ्या एजन्सीच्या, बाईने घेतली. माझी आई शेवटची काही वर्षं डोंबिवलीत आमच्याकडे होती. तिसरा मजला, लिफ्ट नाही. (लिफ्टचा विषय सोसायटीच्या सभेत निघाला की तळमजल्यावाले म्हणतात आम्ही कशाला पैसे द्यायचे, आणि त्यांचं म्हणणं खोडून काढायला वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसं जिना उतरून सभेला येऊ शकत नाहीत.) आई अंथरुणाला खिळली तेव्हा बारा तासांच्या ड्यूटीला एक मावशी यायच्या. वांगणीहून. सकाळची कर्जत लोकल पकडून आठच्या ठोक्याला दारात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला केलं, कारण मी आईला काखेत धरून ओढत होतो. त्यांनी एक जुनी चादर चौघडी करून तिच्या खांद्यापासून मांडीपर्यंत अंथरली, पलीकडचा गुडघा दुमडला, तो हात छातीवर ठेवला, आणि चादरीचं टोक आपल्याकडे अलगद खेचलं. आई कुशीवर आली, कण्हलीसुद्धा नाही. मग पाठीमागे लोड, दोन गुडघ्यांमध्ये उशी, टाचा गादीला टेकू नयेत म्हणून घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी. दर दोन तासांनी हेच, दुसऱ्या कुशीला. आईच्या पाठीला शेवटपर्यंत जखम झाली नाही.

हे कौशल्य आहे. ड्यूटीमागे मिळणाऱ्या पैशावर, सुट्टीशिवाय, आजारी पडलं की त्या दिवसाचे पैसे कापून, आणि ब्युरोचं कमिशन वजा करून विकलं जाणारं. मावशींचं वय तेव्हा ५८ होतं. त्यांच्या स्वतःच्या कमरेला पट्टा होता. फंड नाही, पेन्शन नाही, वांगणीचं घर भाड्याचं. एकदा मी विचारलं, तुमचं पुढे काय? त्या म्हणाल्या, "चालतंय तवर चालतंय." आपली सगळी तयारी या बायकांच्या कमरेवर उभी आहे, आणि त्यांच्या म्हातारपणाचा हिशोब कोणाच्याच वहीत नाही. निवृत्तीसाठी किती कोटी लागतील याचे लेख मी वाचतो, एसआयपी किती वर्षांची ते कोष्टकात असतं. कूस बदलायला कोण येणार याचा रकाना त्या कोष्टकात नसतो. पैसे देऊन माणूस मिळेल असं गृहीत असतं. उद्या डोंबिवलीत दर दुसऱ्या घरात अंथरुणावरचं माणूस असेल आणि वांगणीच्या मावशींची मुलगी हे काम करायला तयार नसेल, तर पैसे काय चादर ओढणार?

जपानने सन २००० मध्ये काळजीविमा आणला. चाळिशी गाठली की प्रत्येकाने हप्ता भरायचा आणि पुढे गरज पडली की सेवा घ्यायची. आंघोळ घालायला माणूस, दिवसभराचं केंद्र, न्हाणीतल्या दांड्या. यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. जर्मनीत अशाच विम्यातून घरच्यांना रोख रक्कमही मिळते. जपानमध्ये रोख द्यायला तिथल्या स्त्री संघटनांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं, पैसे घरात आले की सासू-सासऱ्यांचं करायला सुनेलाच घरी बसवतील. म्हणून तिथे सेवा मिळते, रोख नाही. हे वाचल्यावर मला आमची आजी आठवली, तिच्या जावा आठवल्या.

पण जपान श्रीमंत, आपण कुठून आणायचं, हा प्रश्न ठरलेला. म्हणून केरळचं उदाहरण जवळचं. १९९३ मध्ये कोळिकोडला मूठभर डॉक्टरांनी वेदनाशामक उपचारांचं काम सुरू केलं. त्यातून पुढे गावोगाव स्वयंसेवकांची साखळी उभी राहिली, २००८ मध्ये राज्याने त्याचं धोरण केलं, आणि आज तिथे पंचायतीच्या पातळीवरची नर्स अंथरुणावरच्या माणसाच्या घरी जाते. कॅथेटर बदलते, जखम बघते, घरच्या बाईला चादर कशी ओढायची ते शिकवते. केरळ वयाने आपल्या पुढे आहे. २०११ च्या जनगणनेतच तिथे साठीपुढचे साडेबारा टक्के होते, महाराष्ट्रात दहाच्या आत.

आणि खरं तर केरळपर्यंतही जायला नको. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात ३९ गावांत जे केलं ते काय होतं? गावातल्याच कमी शिकलेल्या बाईला शिकवलं की तान्ह्या बाळाला घरी जाऊन कसं तपासायचं, श्वास कसे मोजायचे, ऊब कशी द्यायची, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ मध्ये देशाने ती पद्धत उचलली. आज बाळ जन्मलं की आशाताई ठरावीक दिवसांना घरी येते. तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, पार बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. दार कितीही आत असो, घाटी उतरून येते. म्हणजे घरात जाऊन माणसाला बघणारी व्यवस्था आपल्याला उभी करता येते. केली आहे. ती बाळासाठी आहे, कारण आपण ठरवलं की बाळ मरू द्यायचं नाही.

काकीचं वजन शेवटचं कधी झालं असं मी तिला एकदा विचारलं. ती हसत म्हणाली, "काजूच्या काट्यार बसलंय होतंय एकदा." व्यापारी बिया मोजायला आला होता तेव्हा गंमत म्हणून. म्हाताऱ्या माणसाचं वजन सहा महिन्यांत उतरलं तर काहीतरी बिनसलंय याची ती पहिली खूण असते. अंगणवाडीत पोराचं वजन दर महिन्याला होतं, रजिस्टरला चढतं, खाली गेलं तर वर कळवतात. १९७५ च्या २ ऑक्टोबरला ही अंगणवाडीची योजना सुरू झाली तेव्हा देशात ३३ प्रकल्प होते. आज ती वाडी-वस्तीवर पोचली आहे. आमच्या वाडीत त्या रजिस्टरला नाव घालायला मूल शोधावं लागतं.

शाळेचंही तसंच. पट कमी म्हणून जिल्हा परिषदेची शाळा बंद झाली, उरलेली पोरं शेजारच्या गावात जातात. दोन खोल्या, व्हरांडा, संडास, पाण्याची टाकी, आणि मुख्य म्हणजे इमारत खाली वाडीत, घाटीच्या अलीकडे. कुलूपबंद. वाडीतले एक आजोबा संध्याकाळ झाली की "घराक जातंय" म्हणून स्वतःच्याच घरातून बाहेर पडतात. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभर केलेल्या पाहणीच्या आधारे काढलेला अंदाज असा की साठीपुढच्या दर शंभरांत सातांहून जास्त लोकांना स्मृतिभ्रंश आहे, आणि खेड्यांत प्रमाण शहरांपेक्षा अधिक. पूर्वी या आजोबांना वाडीतली पोरं हाताला धरून परत आणायची. आता आणायला पोरं नाहीत, आणि बायको ७९ ची.

तर मे महिन्यात आम्ही काही चाकरमान्यांनी दोन विषय काढले. एक, घाटीला लोखंडी पाइपचा कठडा. मुंबईकर मंडळाने देवळाला ग्रॅनाइट बसवलं, सभामंडप वाढवला, मीही वर्गणी दिली आहे, तेव्हा कठडा म्हणजे किस झाड की पत्ती. तरी एकाने विचारलंच, "म्हाताऱ्यांनी वर जायचंच कशाला?" असो. कठडा झाला, अर्धा. घाटीचा वरचा अर्धा भाग कोणाच्या जमिनीतून जातो यावर दोन घरांचा सातबाऱ्यापासूनचा वाद आहे आणि पाइपचे खड्डे पाडायला दोघांचीही ना आहे. काकी आता अर्ध्या घाटीपर्यंत जाऊन येते.

दुसरा विषय बंद शाळा. १ मे च्या ग्रामसभेत मांडला: एक खोली वाडीतल्या म्हाताऱ्यांसाठी उघडी ठेवायची. सकाळी दहा ते चार. कोणीतरी एक बाई तिथे असेल. चहा, दुपारचं गरम जेवण, महिन्याला वजन, बीपी, गोळ्या बरोबर घेतल्या का ते बघणं, आणि जो आला नाही त्याच्या घरी जाऊन डोकावणं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. महापालिकांच्या हद्दीत विरंगुळा केंद्रं असतात, तिथे कॅरम आणि वर्तमानपत्रं असतात. ते चालू शकणाऱ्यांसाठी. आम्हाला न येणाऱ्यांकडे जाणारं केंद्र हवं होतं.

ग्रामसेवकाने अडचणी सांगितल्या, आणि त्या खऱ्या होत्या. इमारत जिल्हा परिषदेची, ताबा मिळायला ठराव आणि पत्रव्यवहार. खर्चाचं काय? पंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा महिला-बालकल्याणावर आणि दिव्यांगांवर खर्च करावाच लागतो. ज्येष्ठांसाठी तसा वेगळा रकाना आमच्या पंचायतीच्या अंदाजपत्रकात मला कधी दिसला नाही. रकाना नसला की पैसे नाहीत, पैसे मागायला जागाही नाही. मंडळाचे खजिनदार म्हणाले, सुरुवातीची दोन वर्षं मंडळ बघेल. टाळ्या पडल्या. मग सरपंचांनी विचारलं, पण तिथे बसणार कोण?

सगळ्यांनी एका बाईकडे बघितलं. आमच्याच वाडीची सून, पन्नाशीची. नवरा गेल्यावर बरीच वर्षं मुंबईत ब्युरोच्या ड्यूट्या करायची, कोविडात गावी आली ती परत गेली नाही. वाडीत कोणाला बेडपॅन द्यायचं असो की इन्सुलिन टोचायचं, हिलाच हाक मारतात. तांदूळ, कोकमं, वर्षाला एक साडी. खजिनदार म्हणाले, वहिनी, तुम्ही बसा, चावी तुमच्याकडे, आम्ही तुम्हाला काहीतरी मानधन देऊ. अंगणवाडीच्या ताई मागच्या बाकावर होत्या, त्या मोठ्याने हसल्या. त्यांची उमेद मानधनातच गेली आहे. त्यांना ग्रॅच्युइटी लागू होते असं म्हणायलासुद्धा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, २०२२ पर्यंत.

वहिनी उठल्या नाहीत. बसूनच म्हणाल्या, "मी बसतंय. पण मानधन नको. पगार किती ता सांगा, महिन्याच्या कितव्या तारखेक ता सांगा, आनि माका सुट्टी कदी ता लिवा."

खजिनदारांनी आकडा विचारला. मुंबईत बारा तासांचे दिवसाला किती मिळत होते ते त्यांनी सांगितलं आणि त्यातले ब्युरोचे वजा करून दाखवले. मागून कोणीतरी म्हणालं, गावात एवढे कोण देतं? त्या त्याच्याकडे वळल्या. "तुज्या आवशीक उचलूक किती घेतलंस तू?"

ग्रामसेवकाने कागदावर लिहिलं: विषय क्रमांक ७, वेतनाबाबत पुढील सभेत निर्णय घ्यावा. पुढची सभा १५ ऑगस्टला. मी रजा टाकली आहे, आणि मंडळाच्या ग्रुपवर दर घरामागे महिन्याला किती पडतील त्याचा हिशोब घातलाय. आतापर्यंत अकरा अंगठे आलेत, तीन जणांनी देवळाच्या वर्गणीची आठवण केली आहे, आणि एकाने विचारलंय, आमच्या घरी सध्या म्हातारं कोणी नाही, मग आम्हीही द्यायचे का?